इथली उघाडी कुठंय?

आमचं गाव खारेपाटातलं. अलिबाग आणि पेणच्या मधला हा सपाट पट्टा वर्षभर खाडीच्या पाण्याशी भांडत असतो. भरतीच्या वेळी आमची शेतं खाडीच्या पाण्यापेक्षा खाली असतात. मध्ये असतो तो मातीचा खारबांध, आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी दार. भरती चढली की पाण्याच्या रेट्यानं ते मिटतं आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी जोर करतं आणि ते उघडतं. वीज नाही, यंत्र नाही. पण दारात एखादं लाकूड अडकलं तरी रात्रीत खारं पाणी आत येतं आणि उभं भात जळून जातं.

माझे वडील, नाना, शाळेत गणित शिकवायचे. पावसाळ्यात मात्र त्यांची खरी नोकरी उघाडीवर असायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बॅटरी घेऊन बांधावर निघालेला त्यांचा काळा रेनकोट मला अजून दिसतो. आई दारात उभी राहून "पाय जपा" म्हणायची, आणि ते कधीच उत्तर द्यायचे नाहीत.

तर अशा माणसाला मी फ्लोरिडातलं एव्हरग्लेड्स नॅशनल पार्क दाखवायला नेलं.

आई-नाना तेव्हा आमच्याकडे अटलांटाला आले होते. थंडीला कंटाळले होते. फेब्रुवारीत लेकाची शाळा चालू, नवऱ्याचं काम चालू, म्हणून आम्ही तिघंच मायामीला गेलो. एव्हरग्लेड्स बघायचं तर हिवाळ्यातच. तिथे आपल्यासारखे दोनच ऋतू, ओला आणि कोरडा. वर्षाला साधारण ६० इंच पाऊस, त्यातला बहुतेक मे ते ऑक्टोबरात. पावसाळ्यात सगळीकडे पाणीच पाणी असल्यामुळे प्राणी पांगलेले असतात आणि डास माणसाला उचलून नेतात. हिवाळ्यात पाणी आटत जातं, उरलेल्या डबक्यांत मासे कोंडले जातात आणि त्यांच्यामागे अख्खं जंगल येऊन बसतं. त्यांतली बरीच डबकी ॲलिगेटरनं स्वतः उकरलेली असतात. तो शेपटीनं आणि पायांनी गाळ बाजूला करतो, खोलगट जागा करतो, आणि कोरड्या दिवसांत कासवं, मासे, पक्षी त्याच खळग्यावर जगतात. यजमान अधूनमधून पाहुण्यांतल्या एखाद्याला खातो, पण त्याला इलाज नाही.

पहिल्या दिवशी आम्ही शार्क व्हॅलीला गेलो. नावात शार्क आहे आणि दरीही आहे, प्रत्यक्षात दोन्ही नाहीत. पुढे जाऊन हे पाणी शार्क नावाच्या नदीला मिळतं म्हणून शार्क, आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडीशी सखल जागा म्हणून व्हॅली. तिथे १५ मैलांचा डांबरी गोल रस्ता आहे, गाड्यांना बंदी. एक तर ट्रॅममध्ये बसायचं किंवा सायकल भाड्यानं घ्यायची. आईनं ट्रॅम धरली. नानांनी, वय वर्षं ७३, सायकलींच्या रांगेतून तीन सायकली दाबून पाहिल्या, चौथीची सीट खाली करून घेतली आणि मला म्हणाले, "तीस वर्षं शाळेत सायकलनं गेलोय. तू दमलीस तर सांग."

पहिल्याच मैलात रस्त्याच्या कडेला ॲलिगेटर पडला होता. पडलाच होता, दुसरा शब्द नाही. ट्रकमधून सांडलेल्या टायरसारखा. १५ फूट अंतर ठेवा असं पार्कवाले सांगतात. पण रस्ताच इतका रुंद नाही, तेव्हा आम्ही पलीकडच्या कडेनं श्वास धरून गेलो. दहावा ॲलिगेटर दिसेपर्यंत श्वास धरणं बंद झालं होतं. विसाव्यानंतर आम्ही मोजणंही सोडलं. शेजारच्या कालव्यात पांढरे बगळे, राखी बगळे, पाणकावळे एकमेकांना खेटून उभे. एक बलाक, तिथे त्याला वुड स्टॉर्क म्हणतात, चोच अर्धी उघडी ठेवून गढूळ पाण्यात चाचपत चालला होता. तो डोळ्यांनी मासा शोधत नाही. चोचीला काही लागलं की ती झटकन मिटते. नाना सायकल थांबवून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. "हा हातानं मासे धरणाऱ्या बायकांसारखा," म्हणाले. ओहोटीला आमच्याकडे बायका अशाच वाकून चिखलात हात फिरवत जातात.

सात मैलांवर निरीक्षणाचा मनोरा आहे, साठ-सत्तर फुटी. वर जाऊन पाहिलं तर चारी बाजूंना गवत. गवताचा रंग बदलत्या ढगांबरोबर बदलतो, मध्ये मध्ये झाडांची बेटं, आणि गवताच्या मुळाशी ऊन पडलं की चकाकणारं पाणी. ते गवतही खरं गवत नव्हे, लव्हाळ्याच्या जातीचं. सॉग्रास. पात्याच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. उलटा हात फिरवला तर रक्त येतं, हे मी करून पाहिलं आहे.

मी उत्साहानं सांगायला लागले. की नाना, ही दलदल नाही, ही नदी आहे. वरच्या ओकिचोबी सरोवरातून सांडलेलं पाणी १०० मैल लांब आणि सुमारे ६० मैल रुंद अशा पसरट चादरीसारखं समुद्राकडे सरकतं. खोली कुठे घोटाभर, कुठे गुडघाभर. उतार मैलाला जेमतेम दोन इंच. मार्जरी स्टोनमन डग्लस नावाच्या पत्रकार बाईंनी १९४७ साली हिला 'गवताची नदी' म्हटलं, आणि तोवर ज्याला लोक नुसता चिखल समजत होते त्याकडे बघायची नजर बदलली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी या पार्कचं उद्घाटन केलं. बाई १०८ वर्षं जगल्या.

नाना कठड्याला धरून ऐकत होते. मैलाला दोन इंच हे त्यांना आवडलं. हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. मग त्यांनी विचारलं, "इथली उघाडी कुठंय?"

मला हसू आलं. "नाना, हे जंगल आहे. हजारो वर्षं आपलं आपण वाहतंय. इथे कोण उघाडी बांधणार?"

"एवढं सपाट पाणी," ते म्हणाले, "आणि खाली समुद्र. वर माणसं राहत असतील ना? मग कुणीतरी कुठंतरी दार लावलेलंच असणार."

परतीच्या रस्त्यावर ते दार दिसलं.

मायामीहून पश्चिमेला जाणारा टॅमिआमी ट्रेल हा रस्ता १९२८ साली पुरा झाला. तो सरळ या गवताच्या नदीवरून आडवा जातो. गाडीतून शेजारचा कालवा दिसत होता, काठावर गळ टाकून बसलेली माणसं दिसत होती. आणि मग काँक्रीटचे खांब, त्यांत ओळीनं लोखंडी दारं. नाना इतक्या जोरात "थांबव गाडी" म्हणाले की मला वाटलं मागे कुणाला लागलं.

उतरून ते दारांसमोर उभे राहिले. कमरेवर हात. एका बाजूचं पाणी दुसरीपेक्षा उंच होतं, हे त्यांनी मला बोटानं दाखवलं. मला ते दिसलंही नसतं. तिथे उभ्याउभ्या मी फोनवर शोधत आणि वाचत गेले. ही 'एस-१२' नावाची दारं, ए, बी, सी, डी अशी चार. १९६० च्या दशकात बांधलेली. पार्कला या वाटेनं किती पाणी मिळायचं ते इथे ठरतं. आणि वर ओकिचोबीपर्यंत अशीच दारं, पंप, हजार मैलांच्या वर कालवे आणि बांध. म्हणजे मी ज्याला हजारो वर्षं आपलं आपण वाहणारं म्हटलं, त्याचं पाणी माझ्या जन्माच्या आधीपासून वेळापत्रकानं सुटत होतं.

"रस्ता नाही हा," नाना म्हणाले. "बांध आहे."

शब्दशः खरं. रस्त्यानं पाणी अडलं, दक्षिणेकडचं पार्क तहानलं. मग दशकानुदशकं वाद झाल्यावर त्याच रस्त्याचे तुकडे उचलून पूल बांधले गेले. पहिला एक मैलाचा २०१३ साली, नंतर त्याहून लांबचा. पाणी खालून जावं म्हणून. हे ऐकून नाना मोठ्यानं हसले. आमच्याकडे बांध फुटून पाणी घुसलं की त्याला खांड गेली म्हणतात, आणि खांड बुजवायला रात्री-अपरात्री अख्खं गाव धावतं. "म्हणजे ह्यांनी पैसे देऊन खांड पाडली!"

त्याहून त्यांना आवडली ती चिमणीची गोष्ट. केप सेबल सीसाइड स्पॅरो नावाचा एक चिमुकला पक्षी या दक्षिण फ्लोरिडाच्या गवताळ भागाबाहेर जगात कुठेच नाही. तो जमिनीपासून वीतभर उंचीवर गवतात घरटं करतो. विणीच्या दिवसांत पाणी चढलं तर घरटी बुडतात. म्हणून पश्चिमेकडची दोन दारं वर्षातले काही महिने बंद ठेवतात. आणि बलाकाचं वेगळंच. पाणी हळूहळू उतरत गेलं तरच मासे डबक्यात कोंडले जातात आणि त्याला पिल्लांना पुरेल इतकं सापडतं. मधेच कुणी पाणी सोडलं की मासे पांगतात आणि तो घरटं टाकून निघून जातो. एकाला पाणी नको, दुसऱ्याला बेतानं उतरतं हवं, खालच्या खाडीला गोडं पाणी भरपूर हवं, वरच्या ऊसवाल्यांना शेतात नको, मायामीच्या लोकांना नळाला हवं.

"म्हणजे आपल्या गावकीच्या बैठकीसारखं," नाना म्हणाले. "फक्त इथं चिमणी पण येऊन बसते."

रात्री होमस्टेडच्या हॉटेलात आईनं थालीपिठाची भाजणी काढली (ती विमानतळावर कशी सुटली हे मी विचारत नाही) आणि मी त्यांना उरलेली कथा सांगितली. १९०४ साली ब्रोवर्ड नावाचा माणूस एव्हरग्लेड्सचं पाणी काढून टाकीन असं सांगून फ्लोरिडाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. पाणी म्हणजे फुकट गेलेली जमीन, हा तेव्हाचा शहाणपणा. कालवे खणले. १९२८ च्या चक्रीवादळात ओकिचोबीचा बांध फुटून अडीच हजारांच्या आसपास माणसं मेली, त्यांत बहुतेक शेतावर राबणारे गरीब काळे मजूर. मग मोठा बांध झाला. सरोवराच्या खालच्या काळ्या मातीत ऊस आला, उसाबरोबर खत आलं, खताबरोबर फॉस्फरस. सॉग्रासला उपासमारीची सवय. त्याला हा फॉस्फरस सोसत नाही. तो वाढला तिथे सॉग्रास हटून पाणकणसाची दाटी झाली. मूळ एव्हरग्लेड्सचा निम्मा भाग असा गेला. पार्क म्हणून राखलेला आहे तो जेमतेम पाचवा हिस्सा. ऊस आणि पाणी हे जोडपं आपल्याला नवं नाही, त्यामुळे आईनंही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पार्कच्या दुसऱ्या दारातून आत. तिथून फ्लमिंगोपर्यंत ३८ मैलांचा रस्ता. पहिला थांबा रॉयल पाम. गाडी लावतो तोच पाटी: गिधाडं तुमच्या गाडीचं रबर खातात. खोटं वाटेल, पण तिथली काळी गिधाडं वायपर आणि काचेभोवतीचं रबर ओरबाडतात, आणि पार्कवाले गाडी झाकायला ताडपत्री मोफत देतात. पावसाळ्यात छपरावर घालावी तशी आम्ही भाड्याच्या गाडीवर ताडपत्री ताणली. आईला मात्र गिधाडांवरून नजर काढवत नव्हती. तिच्या लहानपणी मेल्या गुराभोवती ती असायचीच. मग जनावरांना देतात त्या डायक्लोफेनॅकनं ती आपल्याकडची संपत आली. "किती वर्षांनी बघतेय गं," ती म्हणाली. लोक ॲलिगेटरचे फोटो काढत होते, आणि माझी आई वायपर खाणाऱ्या गिधाडाचे.

अनहिंगा ट्रेल हा पाण्यावरचा लाकडी रस्ता, एक मैलसुद्धा नाही. अनहिंगा म्हणजे आपल्याकडच्या सापमान्या तिरंदाजाचा भाऊ. अंग पाण्याखाली ठेवून नुसती मान वर काढून पोहतो, भाल्यासारख्या चोचीनं मासा भोसकतो, मग ओले पंख पसरून झाडावर बसतो, दोरीवर टाकलेल्या सदऱ्यासारखा. इतका जवळ की त्याच्या पापणीची हालचाल दिसते. कमळाच्या पानांवरून जांभळी पाणकोंबडी लांब बोटं टाकत गेली. नांदूर मध्यमेश्वरला मी यांचे भाऊबंद दुर्बिणीतून ठिपके म्हणून पाहिले आहेत. इथे यांच्या अंगाचा वास येत होता.

आजूबाजूच्या काही जमिनीची गोष्ट मला त्या दोन दिवसांत सगळ्यांत जास्त लागली. पार्कच्या पोटात पूर्वी शेती होती. माती नव्हतीच, खाली चुनखडीचा खडक. शेतकऱ्यांनी यंत्रानं खडक फोडून त्याची माती केली आणि टोमॅटो पिकवले. १९७५ साली ती जमीन पार्कनं घेतली, शेती थांबली. वाटलं होतं, आता मूळ गवत परत येईल. आलं नाही. ब्राझिलियन पेपर नावाच्या परदेशी झुडपानं ती जागा अशी गिळली की जाळून, तोडून, औषध मारून काही होईना. शेवटी त्यांनी काय केलं, तर माणसानं केलेली सगळी माती बुलडोझरनं खरवडून खडकापर्यंत काढून टाकली. खडकावर पुन्हा पाणी थांबलं, आणि मग सॉग्रास आलं.

नाना गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्यानं खडक फोडला तो जिवंत होता का तेव्हा?"

मला माहीत नव्हतं.

मूड बदलला तो एका पाटीनं. रॉक रीफ पास, उंची ३ फूट. पास म्हणजे खिंड! कार्लेखिंडीतून एसटीनं वर्षानुवर्षं ये-जा केलेल्या माणसासमोर ही पाटी. आम्ही पाटीजवळ उभं राहून फोटो काढला. नानांनी एक पाय पुढे टाकून गिर्यारोहकाची पोज दिली आणि आईला हसून हसून बसावं लागलं. गंमत अशी की त्या तीन फुटांना तिथे खरंच मान आहे. वीतभर उंची बदलली की झाडं बदलतात. खाली बुटके, पानं झडलेले सायप्रस, जरा वर पाइन.

फ्लमिंगो हे रस्त्याचं शेवटचं टोक, पुढे समुद्र. शंभर वर्षांपूर्वी बायकांच्या टोप्यांवर बगळ्यांची तुऱ्याची पिसं लावायची फॅशन होती, आणि ती पिसं विणीच्याच काळात येत असल्यामुळे शिकारी वसाहतीच्या वसाहती मारून पिल्लं तशीच टाकून जात. गाय ब्रॅडली नावाच्या पक्षी-रखवालदाराला १९०५ साली इथेच गोळी घालून मारलं. तिथल्या माहिती केंद्राला त्याचं नाव आहे. आईनं तिथे उगीच हात जोडले.

हात तिनं धक्क्यावरही जोडले, पण वेगळ्या कारणानं. तिथे चिखलावर मगर पसरली होती. ॲलिगेटर नव्हे, मगर. निमुळतं तोंड, मिटल्या जबड्याबाहेर दिसणारा खालचा दात. दोन्ही एकत्र राहतात अशी जगात दक्षिण फ्लोरिडा ही एकच जागा. आईचं माहेर गोव्यातल्या फोंड्याकडचं. दुर्भाटच्या बाजूला खाजणाच्या बांधावर पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, माणगे थापणी. माणसांनी बांध घालून पाणी घेतलं, तर ज्याचं पाणी त्याला नमस्कार. "ही खरी आहे," मी म्हटलं. "म्हणूनच," आई म्हणाली.

नाना दरम्यान एका कोळ्याशी, म्हणजे मासेमारी करून परतलेल्या क्यूबन आजोबांशी, कसल्याशा भाषेत बोलत होते. आजोबांनी फोनवर फोटो दाखवला आणि नाना ओरडले, "अगं बाय, जिताडा!" स्नूक नावाचा मासा होता तो. अंगावरून काळी रेघ, बाकी तोंडवळा तोच. एके काळी शास्त्रज्ञही दोघांना एकाच कुळात धरायचे. जावई आला की तळ्यातला जिताडा काढायचा, ही खारेपाटाची रीत. मासा कुठंय, असं नानांनी खुणेनं विचारलं. आजोबांनी हात हलवून दाखवलं, सोडला. सध्या धरायला बंदी आहे. नानांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते त्या क्यूबन माणसालाही कळलं असावं. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

परतताना वेस्ट लेकपाशी थांबलो. कांदळवनातून जाणारी फळ्यांची पायवाट, अर्धा मैल. संध्याकाळचं ऊन तिरकं आत येत होतं. नाना नावं घ्यायला लागले. "हा कांदळ," कमानीसारख्या मुळांकडे बघून. मग चिखलातून वर आलेली, पेन्सिली रोवाव्यात तशी मुळं पाहून, "हा आपला तिवर."

मी गप्प राहिले, कारण मला पुढचं माहीत होतं. आमच्या शेताचा खारबांध एका उधाणात फुटला. खांड बुजवायची कुणी, कुठल्या पैशातून, यावर कागद फिरत राहिले. गावात बांधावर धावायला तेवढी माणसंही उरली नव्हती. मीच अटलांटात होते. शेतात खारं पाणी आलं, पाठोपाठ तिवराचं बी आलं. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवन तोडायला बंदी घातली. त्यातलं चुकीचं काही मला अजूनही सांगता येत नाही. आता त्या शेतात बगळे उतरतात. मागच्या दिवाळीला मी तिथल्या खंड्याचा, निळ्याशार किंगफिशरचा, फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'आमच्या गावचं जंगल'. साडेचारशे लोकांना आवडला. नानांनी तो पाहिला, फोन परत दिला आणि चहा मागितला. सातबाऱ्यावर तिथे अजून भात आहे.

पायवाटेच्या कठड्यावरून नाना वाकले आणि तिवराचं एक पान, न तोडता, जिभेला लावलं. तिवर पानांतून मीठ बाहेर टाकतो.

"अहो, काय करताय! कुणाचं काय, कुठलं काय!" आई ओरडली.

"खारट," नाना म्हणाले. पुन्हा एकदा नीट वर, शेंड्याकडे पाहिलं, कपाळावर आडवा हात धरून, उंचीचा अंदाज घ्यावा तसं.

"आपल्यातला उंच आहे ह्याच्याहून," ते म्हणाले, आणि गाडीकडे चालायला लागले.